अकरा महिन्यांचा करार कुठून आला? महाराष्ट्रातील घरांच्या नियमांची पार्श्वभूमी

घर भाड्याने घेणारा किंवा विकत घेणारा माणूस एजंटसमोर बसतो, तेव्हा त्याचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. करार अकराच महिन्यांचा का, सोसायटीची परवानगी लागेल का, बाराशे चौरस फूट म्हटलेले घर आत शिरल्यावर एवढे लहान कसे दिसते, इमारत वीस वर्षे जुनी असूनही जमीन सोसायटीच्या नावावर का नाही? या व्यवसायात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की या प्रत्येक प्रश्नामागे एखादे जुने दुखणे आणि त्यावर केलेला एखादा कायदा असतो. तो कायदा कोणत्या वर्षी आणि कशासाठी आला हे ठाऊक नसेल, तर नियम म्हणजे केवळ कटकट वाटते आणि एजंटही ग्राहकाला ऐकीव माहिती देऊन मोकळा होतो.

सुरुवात भाड्यापासून करावी लागते, कारण मुंबईत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राहणारे बहुतेक लोक भाडेकरूच होते. 1896 च्या प्लेगने शहरातील दाट वस्तीचे भीषण रूप उघडे पाडले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा 1918 मध्ये त्यांवर पहिले नियंत्रण आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, फाळणीच्या धामधुमीत, 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. या कायद्याने भाडेकरूला घराबाहेर काढणे अत्यंत अवघड केले आणि भाड्याची पातळी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याशी बांधून टाकली. त्या काळी हे आवश्यक होते, याबद्दल मला शंका नाही. निर्वासितांच्या लोंढ्यात घरमालकाला मोकळे रान मिळाले असते, तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. मात्र तात्पुरती म्हणून केलेली तरतूद मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळवत अर्धे शतक टिकली, आणि तिचे परिणाम आजही दक्षिण आणि मध्य मुंबईच्या प्रत्येक जुन्या इमारतीत दिसतात.

भाडे गोठले, पण जागेची किंमत गोठली नाही. त्या दोहोंतील तफावत भरून काढण्यासाठी पागडी रुजली: नवा भाडेकरू जुन्याला किंवा घरमालकाला मोठी रक्कम रोख देई आणि दरमहा नाममात्र भाड्याची पावती घेई. कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा होता, तरीही सगळा बाजार तिच्यावरच चालत होता. अशा घरांच्या व्यवहारात मी त्या पावत्या हाताळल्या आहेत. पातळ, पिवळट कागद, वर घरमालकाच्या आजोबांचे नाव, खाली खोलीचा क्रमांक आणि भाड्याचा असा आकडा की त्यात आज चहाही येणार नाही. मात्र त्या कागदाच्या जोरावर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या तिथे राहिलेल्या असतात. ज्या मालकाला त्या भाड्यात गिलावाही परवडत नव्हता त्याने दुरुस्ती सोडून दिली, इमारती कोसळू लागल्या, आणि सरकारला 1969 मध्ये खास कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. त्यासाठी उपकर बसवला गेला, म्हणून या इमारतींना आपण आजही उपकरप्राप्त, म्हणजे सेसच्या इमारती म्हणतो. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले.

भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी घरमालकांनी दुसरी वाट शोधली, ती लिव्ह अँड लायसन्सची. भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्सवर राहणाऱ्याला केवळ वापराची परवानगी असते. ही वाट इतकी रूढ झाली की अखेर 1973 मध्ये राज्य सरकारने भाडे कायद्यात दुरुस्ती करून 1 फेब्रुवारी 1973 रोजी वैध लायसन्सवर जागेत राहणाऱ्या सर्वांना संरक्षित भाडेकरू ठरवले. ज्यांनी तात्पुरते म्हणून घर दिले होते त्यांचे घर एका तारखेने कायमचे अडकले. माझ्या मते मराठी घरमालकाच्या मनातली भीती, की एकदा आत आलेला माणूस बाहेर निघणार नाही, तिचे मूळ बऱ्याच अंशी या एका तारखेत आहे. त्यानंतर कितीतरी लोकांनी घर कुलूप लावून रिकामे ठेवले, पण भाड्याने दिले नाही.

आता त्या अकरा महिन्यांकडे येऊ. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. अकरा महिन्यांचा कागद स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीपुढे सही केली की काम भागत असे. म्हणून अकरा. महाराष्ट्रात मात्र या सवयीचा कायदेशीर आधार 31 मार्च 2000 रोजी संपला. त्या दिवशी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती न केल्यास वाद उद्भवल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. म्हणजे जो मालक नोटरीचा अकरा महिन्यांचा कागद करून आपण सुरक्षित झालो असे समजतो, तो प्रत्यक्षात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. उलट नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपल्यावरही कोणी जागा सोडली नाही, तर कलम 24 नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. तरीसुद्धा ग्राहक आजही ‘अकराचाच करा’ असे सांगतो, आणि आमच्यातील अनेकजण काही न विचारता तसा करून देतात, याचे मला वाईट वाटते.

हा 1999 चा कायदा आपोआप आला नाही. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे स्पष्टपणे सांगितले होते. नव्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले, वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि इतकी दशके लपूनछपून चालणारी पागडी अखेर कायदेशीर केली.

मालकी हक्काच्या घराचा इतिहास निराळा आहे, आणि त्याची सुरुवात सहकारातून झाली. 1915 मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे श्रम होते आणि ती आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. परवडणाऱ्या भाड्यात स्वच्छ हवेशीर घर, एवढीच त्यामागची इच्छा होती. या कल्पनेत सभासद हा आधी संस्थेचा घटक असतो आणि मग घराचा धनी. त्याच्याकडे पन्नास-पन्नास रुपयांचे शेअर असतात आणि त्यांच्या आधारे त्याला विशिष्ट घरात राहण्याचा हक्क मिळतो. सोसायटीचे पुष्कळ नियम या मूळ विचारातून आलेले आहेत. घर सभासदाने स्वतः राहण्यासाठी घेतले असल्याने ते भाड्याने देणे हा अपवाद समजला गेला आणि त्यासाठी बिनभोगवटा शुल्क आले. पुढे काही सोसायट्यांनी हे शुल्क आणि घर दुसऱ्याच्या नावावर होताना घ्यायचे हस्तांतरणाचे अधिमूल्य मनाला येईल तेवढे लावायला सुरुवात केली, तेव्हा राज्य सरकारने 2001 मध्ये मर्यादा घातली: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक नाही, आणि हस्तांतरणाचे अधिमूल्य कमाल 25,000 रुपये. सोसायट्यांच्या कारभारासाठीच्या 2014 च्या आदर्श उपविधींनी, म्हणजे नमुना नियमांनी, घर भाड्याने देताना पूर्वपरवानगीची जागा पूर्वसूचनेला दिली. सूचनाफलकावर ‘समितीच्या परवानगीशिवाय भाडेकरू ठेवू नये’ असे लिहिलेली इमारत आजही सर्रास दिसते. तो फलक जुन्या उपविधींच्या काळातला असतो.

सहकाराच्या या इतिहासाला एक काळी कडाही आहे. मुंबईतील अनेक सोसायट्या ज्ञातीच्या किंवा प्रांताच्या आधारे स्थापन झाल्या. आपले लोक एकत्र राहतील, एकमेकांना धरून राहतील, हा त्यामागचा भाव समजण्यासारखा होता. 2005 मध्ये गुजरातमधील एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध मानला. पण ज्या सोसायट्यांच्या उपविधीत असे काहीही लिहिलेले नाही, तिथेही फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि दुसरा मांसाहाराचा. ‘बॅचलर नकोत’ हा तिसरा. असा प्रश्न विचारणाऱ्या मालकाला आणि ज्याच्यासाठी तो विचारला जातो त्या ग्राहकाला, दोघांनाही उत्तर द्यायला मध्ये एजंट असतो. आणि तो जेव्हा ‘तुमच्यासाठी तिथे जागा नाही’ असे मऊ शब्दांत सांगतो, तेव्हा तो त्या भिंतीचा एक चिरा झालेला असतो. हे मी स्वतः केले आहे आणि ते चुकीचे होते.

1950 च्या दशकात बिल्डर हा नवा घटक आला. जमीन घ्यायची, नकाशा दाखवून आगाऊ पैसे गोळा करायचे, आणि कागदोपत्री काहीही न देता इमारत उभी करायची, असा प्रकार इतका वाढला की सरकारने समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. व्यवसायात त्याला सगळे मोफा म्हणतात. किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार करा, जमिनीचा हक्क आणि मंजूर नकाशे उघड करा, खरेदीदारांची सोसायटी नोंदवून द्या आणि नंतर जमीन व इमारत तिच्या नावे करून द्या, म्हणजेच अभिहस्तांतरण करा, असे त्यात सांगितले होते. मुदत करारात लिहिली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिने. उल्लंघनासाठी तुरुंगवासाची तरतूदही होती.

कायदा चांगला होता. पाळला गेला नाही. सुरुवातीला त्यामागे आळस आणि मुद्रांकाचा खर्च होता. पण 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरू देणारे टीडीआर आणले, आणि त्याबरोबर जमीन नावावर ठेवण्याला मोल आले, कारण भूखंडावर उरलेला किंवा पुढे वाढणारा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे किती बांधता येईल याची मर्यादा, ज्याच्या नावावर जमीन त्याच्या हाती राहतो. एका इमारतीची फाइल मला अजून आठवते. सभासदांकडे सगळे होते, नोंदणीकृत करार, नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, तीस वर्षांच्या देखभालीच्या पावत्या. आणि जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, म्हणजे मिळकत पत्रिका, उघडली तर तीवर मूळ जमीनमालकाचे नाव जसेच्या तसे. पुनर्विकासाची बोलणी त्याच दिवशी थांबली. अशा हजारो इमारती असल्यानेच 2008 मध्ये मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डरने सही केली नाही तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते. जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने दर्शनी भागाच्या रंगाआधी ही एक गोष्ट विचारावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

पार्किंगची गोष्ट थोडक्यात सांगता येते: 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका सोसायटीच्या खटल्यात ठरवले की इमारतीखालची स्टिल्टमधील, म्हणजे खांबांमधली मोकळी, जागा ही सदनिका नव्हे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही.

मोफाने खरेदीदाराला हक्क दिले, पण ते मिळवायला दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक मंच एवढेच मार्ग होते. महाराष्ट्राने 2012 मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला, त्याला 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो नीट रुजण्यापूर्वीच 2016 चा केंद्रीय स्थावर संपदा नियमन कायदा, म्हणजे रेरा, आला व त्याने तो रद्द केला. 1 मे 2017 पासून रेरा पूर्णपणे लागू झाला आणि त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचे, महारेराचे, काम सुरू झाले. ग्राहकाच्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात, 10 टक्क्यांहून अधिक आगाऊ घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार, ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी, या गोष्टी आता अनेकांना ठाऊक आहेत. मला सर्वांत मोठा फरक चटई क्षेत्राच्या व्याख्येने पडलेला दिसतो. त्याआधी जिना, लॉबी, लिफ्ट, कधीकधी क्लबहाउससुद्धा ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दात जिरवले जाई आणि त्या शब्दाला कायद्यात अर्थच नव्हता. रेराने सांगितले की विक्री चटई क्षेत्रावर होईल: आतील भिंती धरून वापरायची जागा, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. आज खरेदीदार टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मापतो आणि आकडा करारातल्या आकड्याशी ताडून पाहू शकतो.

या सगळ्या इतिहासात एजंट सतत हजर आहे. पागडी ठरवताना तो होता, अकरा महिन्यांचा कागद टाइप करून आणताना होता, सुपर बिल्ट-अपचा आकडा तोंडाने सांगताना होता. घरांच्या कोणत्याही प्रमुख कायद्यात मात्र त्याचे नाव नव्हते. रेराने प्रथमच त्याला नोंदणी क्रमांक दिला आणि खोटी माहिती दिल्यास जबाबदार धरले. 2023 मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा आमच्या व्यवसायात बरीच कुरकुर झाली. वीस-पंचवीस वर्षे घरे दाखवणाऱ्या माणसांना पुन्हा वर्गात बसावे लागले. मी त्या परीक्षेच्या बाजूने आहे, कारण अभिहस्तांतरण म्हणजे काय हे ठाऊक नसताना घर विकणारे लोक मी पाहिले आहेत.

मात्र या नियमनाचा आवाका तेवढाच आहे जेवढा रेराचा. एजंटची नोंदणी सक्तीची आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतील खरेदी-विक्रीसाठी. तीस वर्षे जुन्या सोसायटीतील पुनर्विक्रीचे घर, पागडीची खोली, आणि शहरात नव्याने येणारा विद्यार्थी किंवा नोकरदार ज्या व्यवहारातून पहिल्यांदा जातो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार, हे सारे त्याच्या बाहेर राहते. तिथे कोणीही फोन आणि चाव्यांचा जुडगा घेऊन एजंट होऊ शकतो, आणि ‘अकराचाच करू, नोंदणीची गरज नाही’ असे सांगू शकतो.