रंगीत सांडपाण्यासाठी प्रकाश-उत्प्रेरक टाकी आणि मेम्ब्रेन: ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

हे युनिट ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) जागी बसत नाही. कापड-रंगाईच्या सांडपाण्यात जैविक प्रक्रिया आणि सेटलिंगनंतरही (गाळ खाली बसवल्यानंतरही) रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची (सुती कापडाच्या धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणाऱ्या रंगाची) छटा उरते, तिच्यासाठी ते आहे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) याने कमी होत नाही. त्यासाठी पुढे आरओ (क्षार गाळणारे यंत्र) लागतोच.

पहिल्या टाकीत टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर (हीच प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणारी) पाण्यात घोळत असते. ३६५ नॅनोमीटरचे यूव्ही (अतिनील किरणांचे) दिवे लागले की तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील, क्षणभर टिकणारे कण) तयार होतात आणि रंगाचे रेणू तोडतात. दुसऱ्या टाकीतले मेम्ब्रेन (बारीक छिद्रांचा गाळणारा पडदा) पाणी सोडते, पावडर अडवते. पंप ती परत पहिल्या टाकीत पाठवतो. जागा वाचवायला दोन्ही एकाच टाकीत मागू नका. पीव्हीडीएफ (एक प्लास्टिक) मेम्ब्रेन यूव्ही आणि रॅडिकल दोन्हींनी हळूहळू खराब होऊ शकते. सिरॅमिक टिकते, पण महाग पडते.

पावडर १००० लिटरला साधारण १ किलो. जास्त टाकली तर तिचीच सावली पडते आणि प्रकाश आत पोचत नाही. गढूळ पाण्यातही तेच होते, म्हणून आधी सँड फिल्टर हवाच. पीएच ५ ते ६ वर आणा आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंखा) चालू ठेवा, म्हणजे रॅडिकल खाणारे (रंगाआधी त्यांना संपवणारे) बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. आम्ल सल्फ्युरिकच वापरा: हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइडही रॅडिकल खाते. बाहेर सोडण्यापूर्वी पीएच पुन्हा वर घ्या.

चाचणी तुमच्याच पाण्यावर, तुमच्यासमोर करून घ्या, विकणारे आम्ही असलो तरी. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम पावडर घालून आधी ३० मिनिटे अंधारात ढवळा. तेवढ्यात रंग उतरला तर तो फक्त पावडरीला चिकटलेला असतो, तुटलेला नसतो. खरा हिशेब दिवा लावल्यानंतरचा. शिवाय रंगासोबत सीओडीही (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचे माप) मोजा. रंग लवकर जातो, सीओडी सावकाश उतरतो.

“उन्हावर चालेल का?” चालेल, पण सूर्यप्रकाशात यूव्हीचा वाटा जेमतेम ५ टक्के. त्यामुळे उथळ आणि पसरट टाकी लागते, आणि रात्रपाळीचे पाणी साठवावे लागते.

सक्शनचा दाब (मेम्ब्रेनमधून पाणी खेचायला लागणारा जोर) रोज वहीत लिहा. तो हळूहळू चढला तर मेम्ब्रेनवर थर बसतोय: बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणे) द्या, न उतरल्यास सायट्रिक आम्लाने धुवा. दाब ठीक असून रंग उतरत नसेल तर दिव्यांच्या क्वार्ट्झ नळ्या पाहा. बोअरच्या पाण्यातले लोह आणि क्षार त्यांवर साचतात. तो थरही सायट्रिकनेच निघतो. नळ्या उघडण्यापूर्वी दिव्यांचा मेन स्विच बंद करा, यूव्ही डोळ्यांना घातक आहे. गाळलेले पाणी दुधट दिसले तर मेम्ब्रेनचा (पोकळ नळीसारखा) धागा तुटून पावडर पुढे जात आहे. आधी आरओकडे जाणारे पाणी बंद करा, मग आम्हाला फोन करा.