मालवाहू विमानांवरचे आयुष्य : एका खानदेशी वैमानिकाची पार्श्वभूमी

तापीकाठी केळीच्या बागेत निवृत्तीची वर्षे घालवून अलीकडेच निवर्तलेल्या विंग कमांडर आप्पांना पंचक्रोशी ‘जग पाहिलेला माणूस’ म्हणून ओळखत असे. लेह, जोरहाट, आग्रा ही नावे त्यांच्या बोलण्यात सावदा-फैजपूरइतकीच सहज येत. पण ही भटकंती हौसेची नव्हती. माणसे, धान्य आणि दारूगोळा जिथे रस्त्याने पोहोचत नव्हता, तिथे आप्पा आपले विमान घेऊन गेले. त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे, तर हवाई दलाच्या वाहतूक शाखेचा इतिहास पाहावा लागतो. आणि लढाऊ विमानांच्या कौतुकात हा इतिहास अन्यायाने मागे पडला आहे.

स्वतंत्र भारतात या शाखेची पहिली मोठी परीक्षा २७ ऑक्टोबर १९४७ रोजी झाली. त्या दिवशी डाकोटा विमानांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले आणि विमानतळ हातचा जाऊ दिला नाही. पुढच्याच वर्षी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या नव्या, कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवली. सुमारे ११,५०० फुटांवरच्या त्या गावी पोहोचण्यासाठी त्याहून कितीतरी उंच डोंगररांगा ओलांडाव्या लागत होत्या, आणि डाकोटाच्या आत हवेचा दाब कायम राखण्याची सोयच नव्हती. १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमधल्या, १६,६०० फुटांहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट हे मालवाहू विमान उतरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमध्येच, चीनच्या आघाडीवरच्या चुशूलला पोहोचवले.

आप्पांची पिढी हवाई दलात आली ती यानंतर. लडाखची उड्डाणे शक्यतो सकाळीच उरकावी लागत, कारण दुपारी ऊन तापले की मुळातली विरळ हवा आणखी विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, शिवाय खोऱ्यांत वारा सुटतो. अरुंद खोऱ्यात वळायला जागा कुठे आहे, हे आत शिरण्याआधीच ठरलेले असावे लागे. वैमानिकाच्या लॉगबुकात मात्र अशा सकाळीची नोंद एका ओळीत आटोपते : तारीख, विमान, कोठून कोठे, किती तास.

पुढेही ही शाखा अशीच कामी आली. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरवले गेले. १९८४ च्या एप्रिलपासून सियाचीनची रसद हवाई मार्गावर विसंबली. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री, मालदीवमधला सत्तापालटाचा प्रयत्न मोडून काढण्यासाठी सैनिक घेऊन, आयएल-७६ विमाने आग्र्याहून थेट मालदीवच्या हुलहुले विमानतळावर गेली, दोन हजार किलोमीटरहून लांब.

समुद्र किंवा छावणीची परंपरा नसलेल्या खानदेशातून मुले या वाटेला कशी लागली, याचे एक उत्तर शाळांत सापडते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ मध्ये आणि साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली, आणि शेतकऱ्याच्या मुलालाही परीक्षेच्या बळावर अधिकारी होण्याची वाट मिळाली. दुसरे उत्तर रेल्वेचे आहे. भुसावळला पंजाब मेलमध्ये बसले की गाडी न बदलता आग्रा येई, आणि आग्रा हा वाहतूक विमानांचा मोठा तळ होता; सुट्टीवर गावी येणारा गणवेशातला माणूस म्हणूनच इथल्या फलाटांना नवा नव्हता.

मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, पुण्याच्या लोहगावहून सुखोईतून उड्डाण केले, तेव्हा खानदेशाला वाटलेला अभिमान रास्तच होता. आता शिरपूरला आणि धुळ्याजवळ गोंदूरला विमानोड्डाणाचे प्रशिक्षण मिळते. आप्पांच्या वेळी विमानाचे सुकाणू हाती यावे म्हणून मुलाला जिल्हाच सोडावा लागत असे.