तबकडी सरळ करताना गाणं पुसू नये म्हणून

टर्नटेबलवर एलपी, म्हणजे व्हायनलची मोठी तबकडी, फिरत असताना थोडं वाकून बाजूने बघा. तबकडी वाकलेली असेल तर सुई दर फेऱ्याला वर चढताना आणि खाली उतरताना दिसते. हे दृश्य पाहून बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ती तापवून सरळ करण्याचा. माझं म्हणणं असं, की आधी ती नीट ऐकावी आणि मोजावी. कारण बाक किती उंच आहे यापेक्षा तो किती लांबीत सामावला आहे याला जास्त महत्त्व असतं.

थोडा हिशेब करू. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेजवळच्या खाचेचा परीघ सुमारे ९२ सेंटिमीटर, तेव्हा सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. समजा, तबकडीत २ मिलिमीटरचा चढउतार आहे आणि तो पूर्ण परिघावर एकदाच येतो. टोनआर्म (सुई पेलणारा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला टोकाचा भाग) मिळून सुईच्या टोकाला जाणवणारं वस्तुमान १८ ग्रॅम धरलं, तर हा चढउतार पार करायला लागणारं बल जेमतेम ०.०२ ग्रॅम वजनाइतकं भरतं. आता तेवढाच २ मिलिमीटरचा चढउतार १० सेंटिमीटरमध्ये आला असं धरा. सुई नऊपट वेगाने वरखाली होऊ लागते आणि बल त्याच्या वर्गाने, म्हणजे एक्क्याऐंशी पटींनी वाढून १.८ ग्रॅमच्या आसपास पोहोचतं. खाचेत टेकण्यासाठी सुईवर दिलेला भारच मुळी दीड-दोन ग्रॅम असतो. उंचवट्याच्या माथ्यावर त्यातलं काही उरतच नाही आणि सुई उडी मारते.

सुई उडाली नाही तरी सूर हलू शकतो. टोनआर्म ज्या बिंदूवर टेकून हलतो तो खिळीबिंदू तबकडीच्या पातळीपेक्षा वर असतो, त्यामुळे वरखाली होणारी सुई खाचेच्या दिशेने किंचित पुढेमागेही सरकते आणि स्वर चढतो-उतरतो. द्रुत गतीच्या चित्रपटगीतात हे कानावरून निघून जातं. विलंबित खयालाच्या एलपीवर, मागे तंबोऱ्याचा षड्ज सलग चालू असताना मात्र ते लगेच कळतं. म्हणून तपासणीसाठी अशीच तबकडी लावावी. सुई खाच सोडत नसेल आणि षड्ज स्थिर असेल, तर बाक डोळ्यांना कितीही खटको, तबकडीला हात लावू नये. नुसता खोलगटपणा असेल तर मधल्या खुंटीवर बसवायचा क्लॅम्प बहुतेक वेळा पुरतो.

मग कोणत्या तबकड्यांना उष्णता द्यावी? ज्या वाजतच नाहीत, त्यांनाच. याचं कारण समजायला त्यांच्या पदार्थात शिरावं लागतं.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने व्हायनल एलपी बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या होत्या आणि ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून जात असे. एलपीचं व्हायनल म्हणजे व्हायनल क्लोराइड आणि थोडं व्हायनल अ‍ॅसिटेट यांच्या रेणूंच्या जोडणीतून बनलेलं प्लास्टिक, म्हणजेच सहबहुवारिक. शुद्ध पीव्हीसी, म्हणजे नुसत्या व्हायनल क्लोराइडचं प्लास्टिक, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास कडकपणा सोडतं. अ‍ॅसिटेटमुळे हा बिंदू खाली येतो, म्हणून तबकडी ६० अंशांपासूनच नरम पडू लागते. आत लांबच लांब रेणूंचा गुंता असतो. गार झालेल्या शेवया एकमेकींना चिकटून जागच्या जागी बसाव्यात तसा तो थंडपणी घट्ट असतो आणि ऊब मिळाली की साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात.

कारखान्यात सुमारे १५० अंशांना तापलेला व्हायनलचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवून शंभरेक टनांच्या दाबाने चपटा करतात. माल मधून कडेकडे वाहतो आणि वाहताना साखळ्या बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. लगेच साच्यांमधून थंड पाणी फिरवतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तबकडी बाहेर पडते. ताणलेल्या साखळ्यांना सैल व्हायला वेळच मिळत नाही, तो ताण आत गोठून राहतो. दोन बाजू सारख्या वेगाने थंड झाल्या नाहीत तर तबकडी कारखान्यातूनच खोलगट येते. नंतर पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, खिडकीतल्या उन्हात किंवा बंद मोटारीत तिला ऊब मिळाली की तो जुना ताण वाट काढतो. ओव्हनमध्ये टाकून तबकडीचे वाडगे बनवणारे लोक नकळत हेच करत असतात. पदार्थ आपल्या मूळ गोळ्याकडे परतायला बघतो.

इथेच खरी अडचण आहे. तबकडीचा सपाटपणा हा जसा गोठवलेला आकार, तशीच खाचेतली प्रत्येक नागमोडही, आणि गाणं त्या नागमोडीतच असतं. खाच सुमारे ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक. तिच्यातल्या उंच स्वरांच्या लाटा तर मायक्रॉनहून कमी उंचीच्या असू शकतात, आणि आतल्या खाचांमध्ये १०,००० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी अवघी २१ मायक्रॉन भरते. उष्णता बाक सैल करताना या लाटांनाही सोडत नाही. तबकडी जास्त तापली तर झांजेची चमक आणि गायिकेच्या आवाजाची धार आधी बोथट होते. आरशासारखी सपाट तबकडी हाती आली आणि गाणं पुसट झालं, तर आपण काय मिळवलं?

म्हणून सगळा खेळ तापमान आणि वेळ यांचा आहे. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेलं समीकरण सांगतं, की मऊ पडण्याच्या बिंदूपासून वर केवळ ३ अंश गेलं की साखळ्यांची हालचाल जवळजवळ दहापट वेगवान होते, आणि १० अंश वर गेलं तर कित्येकशे पट. घरच्या ओव्हनची बटणं यापुढे फारच ढोबळ आहेत. ५५ अंशांवर लावलेला ओव्हन आत ७० ला जाऊन परत ४५ वर येऊ शकतो, शिवाय त्याची लाल तार जवळच्या भागाला वेगळीच भाजते. त्यामुळे मऊ पडण्याच्या बिंदूच्या खालीच राहावं, आणि जे काम उष्णतेने मिनिटांत झालं असतं ते वेळेकडून तासांत किंवा दिवसांत करून घ्यावं.

यासाठी टफन्ड काचेचे दोन तुकडे लागतात, ३५ सेंटिमीटर चौरस आणि ६ मिलिमीटर जाडीचे. प्रत्येकाचं वजन पावणेदोन किलोच्या वर जातं, त्यामुळे सुरुवातीला वेगळा भार ठेवायची गरज नाही. तबकडी आणि काचा दोन्ही धूळमुक्त करून घ्याव्यात, कारण दाबाखाली एक कण खाचेत रुतला की तो कायमचा आवाज करत राहतो. आतलं कागदी पाकीट काढून टाकावं, नाहीतर नरम व्हायनलवर कागदाचा पोत उमटतो. एलपीची बाहेरची कड आणि मधलं लेबल खाचांच्या पट्ट्यापेक्षा मुद्दाम किंचित जाड केलेलं असतं. त्यामुळे सपाट काच खाचांना सहसा न चिरडता कड आणि लेबल यांच्यावर टेकते. ही सोय आपल्याला आयतीच मिळाली आहे.

तबकडी दोन काचांच्या मध्ये ठेवून ही जोडी थंड असतानाच उबेत ठेवावी आणि काचेला चिकटवलेल्या तापमापकावर ५० ते ५५ अंश दिसेपर्यंत हळूहळू न्यावी. चार-पाच तास तिथेच राहू द्यावी. मग उष्णता बंद करून काचा न उघडता रात्रभर सोडावी. हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. गरम तबकडी काढून बघितली की तिची एक बाजू हवेने लवकर थंड होते आणि कारखान्यात झालेली चूक आपण घरी पुन्हा करतो. फरक कमी वाटला तर तापमान वाढवू नये, वेळ वाढवावा. पहिला प्रयोग नेहमी चरे पडलेल्या, कोणाला नको असलेल्या तबकडीवर करावा. जपानच्या फ्युरुटेक आणि ऑर्ब या कंपन्या याच कामासाठी यंत्रं बनवतात. त्यांचाही भर नियंत्रित उष्णता आणि सावकाश थंडावा यांवरच आहे.

विदर्भात राहणाऱ्यांकडे एक सोपा मार्ग आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला सावलीतलं तापमान ४५ च्या आसपास जातं. काचांची जोडी वर जड पुस्तकांसह सावलीच्या खोलीत महिनाभर ठेवली, तर सौम्य बाक थोडाफार उतरू शकतो आणि खाचांना धोका जवळजवळ नसतो. गच्चीवरच्या थेट उन्हात मात्र ठेवू नये. काचेखालची काळी तबकडी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहत नाही.

हेअर ड्रायर वापरू नये, तो एकाच जागी फुगवटा आणतो. गरम पाण्यात बुडवलं तर लेबल जातं. नुसत्या पुस्तकांच्या ढिगाखाली थंड खोलीत ठेवल्यास साखळ्या जवळपास हलतच नाहीत.

ही पद्धत फक्त व्हायनलसाठी आहे. लाखेच्या ७८ च्या तबकड्या ठिसूळ असतात आणि बाकावर काच दाबली की तडकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर दिलेल्या जुन्या तबकड्यांना तर ऊब अजिबात देऊ नये. धातू आणि थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि थर सुटून येतो. अशा तबकड्यांवर बहुधा कुठल्यातरी कार्यक्रमाची एकुलती एक प्रत असते. त्या वाकलेल्या अवस्थेतच जाणकाराकडे नेऊन डिजिटल करून घ्याव्यात, आणि तोवर पाकिटात घालून थंड, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात.