क्वचित येणाऱ्या एररची हाताळणी (कमांड लाइन प्रोग्राम)

'फाइल सापडली नाही', 'परवानगी नाही' या नेहमीच्या एरर बहुतेक प्रोग्राम नीट सांगतात. कस लागतो तो वर्षानुवर्षे न येणाऱ्या एररला: लिहिता लिहिता डिस्क भरणे, फाइल बंद करताना नेटवर्क तुटणे, मेमरी न मिळणे.

समजा, कोल्हापूर भागातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गळीत हंगामात रोज रात्री ऊसगाड्यांच्या वजनांची यादी बनवणारी स्क्रिप्ट चालते आणि डिस्क भरलेली आहे. सी भाषेतल्या 'प्रिंटएफ' या छापणाऱ्या फंक्शनचा मजकूर आउटपुट फाइलकडे वळवल्यावर लगेच डिस्कवर जात नाही, आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतो. छोटी यादी बफरमध्येच मावते, 'प्रिंटएफ' यश कळवते आणि खरे लिहिणे प्रोग्राम संपताना होते. तिथे लिनक्सची २८ क्रमांकाची एरर (ईएनओएसपीसी, म्हणजे डिस्कवर जागा नाही) येते, पण ती तपासायला कोणी उरलेले नसते. एक्झिट कोड (प्रोग्रामने संपताना कळवलेला निकाल) ०, म्हणजे यश. मग मूळ नोंदी पुसणारी स्क्रिप्टची पुढची ओळ बेधडक चालते.

म्हणून शेवटी 'एफक्लोज' या फाइल बंद करणाऱ्या फंक्शनचे उत्तर तपासावेच लागते. जीएनयू कोअरयुटिल्स या मूलभूत आज्ञांच्या संचातले प्रोग्राम हे काम बाहेर पडताना आपोआप करतात. चाचणी सोपी आहे: लिनक्समधल्या '/डेव्ह/फुल' या फाइलवर लिहिणे नेहमी 'जागा नाही' म्हणून फसते. आउटपुट तिकडे वळवून एक्झिट कोड पाहावा. ० आला तर प्रोग्राम सदोष.

जुन्या फाइलवर थेट लिहू नये. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल लिहावी, 'एफसिंक' करावे (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवावा), मगच 'रीनेम' (तिला जुन्या फाइलचे नाव द्यावे). लिनक्स मेमरी उदारपणे कबूल करते आणि टंचाई आली की प्रोग्रामच मारते. त्यासाठी प्रोग्रामला पाठवलेला सिग्नल (सिस्टिमची सूचना) अडवता येत नाही, तेव्हा जुनी फाइल वाचते ती या क्रमामुळेच.

पुन्हा प्रयत्न करणे हा सरसकट उपाय नव्हे. सिग्नलने अडलेले 'रीड' पुन्हा करावे. लिनक्सवर 'क्लोज' मात्र पुन्हा करू नये, कारण तो डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) आधीच मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्या थ्रेडची (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाची) फाइल बंद होऊ शकते. 'एफसिंक' एकदा फसल्यावर दुसऱ्यांदा खोटेच यश देऊ शकते, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांना महागात समजले. 'हेड' या पहिल्या काही ओळीच दाखवणाऱ्या आज्ञेने पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला देणारी जोडणी) लवकर बंद केल्यावर बॅश या शेलमध्ये दिसणारा १४१ हा कोड मात्र बहुधा निरुपद्रवी.

एररचा संदेश एसटीडीएररवर (एररसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) जावा, त्यात प्रोग्रामचे व फाइलचे नाव असावे. एररची संख्याच एक्झिट कोड म्हणून परत करण्याची हौस टाळावी: हा कोड ८ बिटांचा असतो, २५६ एरर झाल्या की तो ० दिसतो.