पार्कर ७५ : चांदीच्या पेनाचं मोल कुठून येतं

चांदीचं जुनं पेन सराफाच्या काट्यावर ठेवलं की मन खट्टू होतं. सबंध पेन दोन तोळ्यांच्या आसपास भरतं. त्यातून निब, आतली प्लॅस्टिकची नळी आणि क्लिप वजा केली की चांदी म्हणून हाती फारसं उरत नाही. काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका घरात आजोबांचं कपाट आवरताना असंच एक पेन निघालं. काळपट रंग, अंगभर बारीक चौकड्या, टोपणाला बाणाची क्लिप. नातू ते घेऊन सराफाकडे गेला. सराफानं वजन केलं, घट धरली, आकडा सांगितला आणि मोडायचं का, असं विचारलं. मुलानं विचार करून सांगतो म्हटलं आणि पेन परत आणलं, हे फार बरं झालं. ते पार्कर ७५ होतं, आणि त्याच्या सेक्शनवरच्या, म्हणजे निबामागच्या धरायच्या भागावरच्या, कड्यावर एक बारीकसं शून्य होतं. त्या शून्याला किती अर्थ आहे हे कळायला या पेनाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. चांदीचा दर त्यात फार मागे येतो.

फाउंटन पेनाला चांदी चढली ती आधी अंगरखा म्हणून. अमेरिकेत वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेतलं, त्यानंतरच्या काळात पेनं एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, काळी आणि साधी असत. ज्यांना नजरेत भरणारी वस्तू हवी असे, त्यांच्यासाठी या काळ्या रबरावर चांदीची जाळी चढवली जाई. वेलबुट्टी कापून काढलेली असे आणि फटींतून खालचं काळं रबर दिसे. वॉटरमनच्या १९१७ पासूनच्या पेनांचे क्रमांक वाचता येतात. ४५२ क्रमांकात ४ म्हणजे स्टर्लिंग (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदी, ५ म्हणजे शाई भरायची खटकी बाजूला, २ म्हणजे निबाचा आकार. क्रमांकाच्या आधी शून्य असेल तर वरचा धातू भरीव नाही, मुलामा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पेनाच्या बुडाला कोरलेले तीन-चार आकडे आजही निम्मी परीक्षा उरकून देतात. मला वॉटरमनची ही पद्धत फार आवडते, कारण पेन बनवणाऱ्यानंच ओळख लिहून ठेवली आहे.

पार्करची गोष्ट वेगळी. जॉर्ज पार्कर हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल गावात टेलिग्राफी शिकवत. विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेनं विकत आणि ती बिघडली की दुरुस्तही करून देत. त्यातून १८८८ मध्ये कंपनी उभी राहिली. १९४१ चं पार्कर ५१ जगभर गेलं. आपल्याकडेही ‘पार्कर’ म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांपुढे ५१ च येतं. मग १९६० मध्ये शाईच्या काडतुसावर, म्हणजे आयत्या भरलेल्या नळीवर, चालणारं ४५ आलं आणि १९६२ मध्ये व्हीपी. ‘व्हेरी पर्सनल’ असं त्याचं पूर्ण नाव. धरायची जागा तिकोनी, आणि निब फिरवून आपल्या हाताच्या कलाला जुळवता येई. कल्पना सुंदर होती, पण पेन बाजारात टिकलं नाही आणि दोनेक वर्षांत बंद झालं. त्याची तिकोनी पकड आणि फिरतं निब मात्र पुढच्या पेनानं घेतलं.

ते पुढचं पेन म्हणजे ७५. कंपनीची पंचाहत्तरी १९६३ ला आली, म्हणून हे नाव. १९६३-६४ मध्ये ते बाजारात आलं, किंमत २५ डॉलर. अंग आणि टोपण दोन्ही स्टर्लिंग चांदीचं, त्यावर आडव्या-उभ्या रेघांच्या खाचा. या नक्षीला ‘सिझले’ म्हणतात. जॉर्ज पार्कर यांचे चिरंजीव केनेथ यांच्या चांदीच्या सिगारेट केसवरून ती सुचली, असं सांगितलं जातं. खाचांत मुद्दाम काळेपणा दिलेला असे, त्यामुळे चौकडीचा प्रत्येक बारीक चौकोन उठून दिसतो. धरायच्या भागावर, निबाच्या मुळाशी, एक अरुंद कडं आणि त्यावर खुणांच्या रेघा. निब फिरवताना आपण किती सरकलो हे त्या खुणांवरून कळे, आणि एकदा जमलेला कोन पुन्हा सापडे. लिहिणाऱ्याच्या हाताचा इतका विचार केलेलं पेन त्याआधी क्वचितच निघालं असेल.

आता पैशांचा हिशोब करू. त्या वर्षांत अमेरिकेत चांदीचा दर औंसाला १.२९ डॉलर होता. हा औंस सुमारे ३१ ग्रॅमचा. म्हणजे २५ डॉलरच्या पेनात डॉलरभराचीही चांदी नव्हती. बाकीचे चोवीस डॉलर कारागिरीचे, सोन्याच्या निबाचे, नावाचे. आपल्याकडचा हिशोब केला तर तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे पेन सुमारे ११९ रुपयांचं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर साडेसात रुपये झाला आणि तेच पेन १८७ रुपये ५० पैशांवर गेलं. त्यात आयातीवर निर्बंध. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरांत असं पेन आलं ते बहुधा शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या मुलाच्या, भावाच्या बॅगेतून. आजोबांनी ते खिशाला लावण्यापेक्षा कपाटात जपलं असेल तर त्यामागे हे कारण आहे. आणि न वापरल्यामुळेच अशी काही पेनं आज चांगल्या अवस्थेत सापडतात.

१९६५ मध्ये पार्करनं जे केलं त्याला पेनांच्या दुर्मिळतेच्या इतिहासात फार महत्त्वाची जागा आहे. ३१ जुलै १७१५ च्या सुमारास क्युबातल्या हवानाहून स्पेनला निघालेला गलबतांचा ताफा फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर वादळात सापडला आणि अकरा स्पॅनिश गलबतं बुडाली. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतलं सोनं-चांदी भरून चाललेला तो ताफा होता. १९६० च्या दशकात त्या अवशेषांतून चांदीची नाणी वर काढली गेली. पार्करनं त्यातली काही चांदी विकत घेऊन ७५ ची एक खास मालिका काढली. ४,८२१ पेनं, किंमत ७५ डॉलर, म्हणजे साध्या सिझलेच्या तिप्पट. सोबत पेटी आणि प्रमाणपत्र. मोजकीच पेनं काढायची आणि आकडा जाहीर सांगायचा, ही पद्धत पुढे पेनांच्या धंद्यात रूढ झाली, तिची पहिली मोठी पायरी ही. गंमत म्हणजे चांदी तीच, ९२५ ची. अडीचशे वर्षांनी वर आलेल्या बुडीत खजिन्यानं तिचा भाव तिप्पट केला. आज त्या मालिकेतलं पेन पेटी आणि कागदांसकट मिळालं तर त्याची बात वेगळी, नुसतं मिळालं तर वेगळी.

१९७७ मध्ये पार्करनं ‘क्वीन एलिझाबेथ’ या जहाजाच्या पितळेतून ७५ ची ५,००० पेनं काढली. ते जहाज १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळालं होतं. ती पेनं चांदीची नव्हेत, तरी संग्राहक त्यांच्यामागे असतात. यावरूनही कळतं की भाव धातूला कमी आणि त्यामागच्या हकिगतीला जास्त असतो. पुढे १९९२ मध्ये माँटब्लाँकनं लोरेन्झो दे मेदिची हे अष्टकोनी चांदीचं पेन ४,८१० नगांत काढलं. ४,८१० हा मोंब्लाँ शिखराच्या उंचीचा आकडा, तोच कंपनी आपल्या निबांवरही कोरते. इथे दुर्मिळता कारखान्यातच ठरवून दिलेली आहे. मला स्वतःला ७५ च्या पहिल्या वर्षातलं पेन जास्त मोलाचं वाटतं, कारण ते दुर्मिळ व्हावं असं ते बनवताना कुणाच्याही मनात नव्हतं.

कारण साधं सिझले मुळात दुर्मिळ नाही. ते तीस वर्षं बनत होतं. आधी जेन्सव्हिलला, मग फ्रान्समध्ये मेरू इथल्या कारखान्यात. जगात अशी पेनं भरपूर आहेत, त्यामुळे ‘जुनं आहे, चांदीचं आहे, म्हणजे दुर्मिळ’ हा पहिलाच तर्क चुकतो. दुर्मिळ आहेत ती अगदी सुरुवातीची. ती ओळखायला भिंग पुरतं. कड्यावरच्या खुणांमध्ये ‘०’ असलं तर पेन पहिल्या तुकड्यांतलं. टोपणाच्या आणि दांड्याच्या टोकाच्या टिकल्या सपाट असल्या तर आधीचं, आत वाटीसारख्या खोलगट असल्या तर नंतरचं. दांडा उघडून पाहिलं आणि सेक्शनच्या आट्या धातूच्या दिसल्या तर आधीचं, प्लॅस्टिकच्या असल्या तर नंतरचं. या तिन्ही खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. सपाट टिकल्यांच्या दांड्यावर नंतरचं सेक्शन बसवलेली पेनं सर्रास फिरतात, कारण ७५ चे भाग एकमेकांत सहज बसतात. म्हणूनच विकणाऱ्याला दोन्ही टोकांचा, उघडलेल्या आट्यांचा आणि कड्याचा फोटो मागावा.

निबाखाली, शाई वाहून आणणाऱ्या जिभेवर आकडा असतो. ६५ बारीक, ६६ मध्यम. त्या आकड्यासाठी आधी वाळलेली शाई काढावी लागते. आजोबांच्या पेनाची जीभ कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी वाटीतलं पाणी गर्द निळं झालं होतं आणि मग ६५ दिसला. फ्रान्समध्ये विकलेल्या पेनांत १८ कॅरेटचं निब सापडतं. तिथल्या कायद्यानुसार १४ कॅरेटला सोनं म्हणता येत नसे. म्हणजे १८ कॅरेट दिसलं की ते आपोआप जास्त चांगलं किंवा जास्त जुनं, असं नव्हे. ते कुठल्या बाजारासाठी बनलं एवढंच त्यावरून कळतं.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत धनाढ्य हंट बंधूंच्या साठेबाजीनं चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली. त्या आठवड्यांत एका सिझलेतली चांदी पेनाच्या मूळ २५ डॉलरच्या जवळ पोचली. लोकांनी ताटं, चमचे, नाणी भट्टीत दिली. २७ मार्चला भाव कोसळला तोवर बरंच काही वितळून गेलं होतं. पेनाच्या आयुष्यातला खरा धोका हाच. ज्या क्षणी सराफाचा भाव पेनाच्या भावाला गाठतो, त्या क्षणी ते मोडीत जातं. १९८६ मध्ये पार्कर ही कंपनी तिच्याच अधिकाऱ्यांनी विकत घेतली आणि मुख्यालय इंग्लंडला न्यूहेवनला गेलं. १९९३ मध्ये ती दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेटकडे गेली, त्याच सुमारास सॉनेट हे नवं पेन आलं आणि ७५ संपलं. नंतरच्या काळातल्या पार्करच्या पेनांवर सालाचं एक अक्षर उमटवलेलं असे, त्यावरून सालाचा शेवटचा आकडा निघतो. ‘क्वालिटी पेन’ या शब्दांच्या इंग्रजी दहा अक्षरांना ० ते ९ आकडे दिलेले आहेत.

शिक्क्यांबद्दल एवढं लक्षात ठेवावं. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ की दांडा चेपेल. ब्रिटनमध्ये चांदीची तपासणी सरकारमान्य कचेरीत होते आणि सिंहाच्या शिक्क्याशेजारी गावाची खूण असते. लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, आणि जुन्या शिक्क्यांत शेजारी सालाचं अक्षर. त्यामुळे यार्ड-ओ-लेडसारख्या इंग्रजी पेनाचं वय भिंगातून थेट वाचता येतं. अमेरिकेत अशी कचेरी नाही. तिथे १९०६ च्या कायद्यानं ‘स्टर्लिंग’ हा शब्द खोटा वापरायला बंदी केली आणि जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. म्हणून ७५ च्या टोपणावरचा ‘स्टर्लिंग’ हा शब्द महत्त्वाचा. ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलेलं असेल तर त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. खात्री करायचीच असेल तर कॅरेटोमीटरवर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्रावर, करावी. कानशीनं घासून तेजाब लावू देऊ नये. तो ओरखडा पेनावर कायमचा राहतो आणि किंमत तिथेच पडते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र प्रेमानं होतं. लक्ष्मीपूजनाच्या आधी आपण चांदीची भांडी चिंचेनं, रांगोळीनं किंवा दंतमंजनानं लखलखीत करतो. समईला ते ठीक. सिझलेला ते मारक. खाचांतला काळेपणा निघून जातो, चौकोनांच्या कडा झिजून गोल होतात आणि पेन गुळगुळीत, पांढरंफटक दिसू लागतं. तो काळेपणा परत देता येतो, पण कडा परत येत नाहीत. मऊ सुती कापडानं पुसावं, एवढंच.

कोरलेल्या नावाचा प्रश्न तिढ्याचा आहे. बाजारात नावामुळे भाव कमी होतो, आणि घासून काढलेल्या नावामुळे त्याहून कमी, कारण तिथली चौकडी खोलगट होते. आजोबांच्या पेनाच्या टोपणावर त्यांची आद्याक्षरं आणि १९६६ असं साल आहे. एका विक्रेत्यानं ती काढून देतो असं सांगितलं होतं. नातवानं नको म्हटलं. पेनात आता निळी शाई आहे, आणि निब थोडं डावीकडे फिरवलेलं आहे, जसं आजोबांनी ठेवलं होतं तसंच.