देवाच्या नावावरचा हवाला

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या पेढीवर दिवाळीला नवी वही उघडतात तेव्हा पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली लाभ-शुभ, हळदकुंकू, आणि मगच रोकड. धर्मादायाचे खातेही त्याच वहीत. देवावर भरवसा ठेवायचा म्हणून वही मिटायची, असे या पेढ्यांना कधी वाटले नाही.

संकटात आपण ‘हवाला देवावर’ म्हणतो. हा शब्द सराफीतला. आपले देणेघेणे दुसऱ्यावर सोपवणे म्हणजे हवाला. मराठी भक्तीची भाषा अशीच हिशेबी आहे: ठेव, ऋण, हुंडी, पावती. तिच्यातल्या जुन्या कथा दुष्काळाच्या आहेत, हाही योगायोग नव्हे.

पंधराव्या शतकातले दामाजीपंत मंगळवेढ्याला बिदरच्या सुलतानाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: विठ्ठल महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली. पण कथेतला महत्त्वाचा तपशील पुढेच आहे. तो पावती घेऊन आला. देवानेही रक्कम भरली ती दप्तरी नोंद करून. आणि लोक जगले ते कोठारातल्या धान्यावर. कोठार रिकामे असते तर कथाच घडली नसती.

तुकाराम महाराजांच्या घरी सावकारी आणि वाणीपणा. १६३० च्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. मग त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. मात्र धाकट्या भावाच्या वाटणीची खते आधी वेगळी काढून त्याच्या हाती दिली आणि बुडवली फक्त स्वतःच्या हिश्श्याची, हे क्वचित कोणी सांगते. दुसऱ्याच्या पैशावर वैराग्य दाखवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हणही आपलीच आहे, आणि ती टिंगलीची आहे.

नागपूरला व्यवस्था कोसळण्याचा मोठा अनुभव १८५३ चा. राजे तिसरे रघुजी भोसले डिसेंबरमध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. दरबारावर पोट असलेले शिलेदार, कारकून, विणकर उघड्यावर आले. शतक संपताना १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ पडले. सरकारकडे तोवर दुष्काळ-संहिता तयार होती. आधी चाचणीची कामे काढायची, लोक आले तर टंचाई खरी मानायची. खडी फोडणे, तलावाची माती काढणे. मजुरी धान्याच्या भावावर. कागदावर संहिता चोख होती. अडले इथे: उपाशी माणसाकडून नेमलेले काम पुरे होत नसे, म्हणून मजुरी कापली जाई, म्हणून तो आणखी खंगे. शिवाय पहिल्या खेपेला मदत उशिरा पोहोचली. दुसऱ्या वेळी सरकारने हात सैल सोडला.

याच काळात कामठीत जन्मलेले सूफी संत ताजुद्दीनबाबा नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. १८९२ मध्ये त्यांना तिथे ठेवले आणि गांजलेले लोक दर्शनाला त्याच फाटकाशी येऊ लागले. १९०८ मध्ये भोसले घराण्यातल्या पुढच्या रघुजीरावांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेले. त्यासाठी सरकारात दोन हजारांचा जामीन भरावा लागला असे परंपरेने सांगतात. १९२५ मध्ये ते गेले. त्यांचा दर्गा असलेल्या ताजबागेत आजही सर्व धर्मांची माणसे येतात.

कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याची गोष्ट वेगळी. विठ्ठलभक्त कोलबास्वामींना म्हातारपणी पंढरीला जाणे जमेना, तेव्हा विठ्ठलाने आपणच येतो म्हटले. म्हणून तिथली यात्रा आषाढी एकादशीला नसून पौर्णिमेला. नागपूरहून पंढरपूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. रोज २०-२५ किलोमीटर चालले तरी एका बाजूचे जवळजवळ चार आठवडे, तेही पेरणीच्या दिवसांत. शेत न टाकता दर्शन घडावे एवढी सोय देवाने करून दिली, असेही या कथेकडे बघता येते.

तुकडोजी महाराजांनी, ज्यांचे नाव आज नागपूर विद्यापीठाला आहे, सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाई आणि श्रमदान जोडले. १९४२ मध्ये ते नागपूरच्या तुरुंगातही होते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा घेऊन जुने देवही सोडले. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही तिथली भूमिका. नागपुरात देवावरच्या भरवशाबद्दल लिहिताना दीक्षाभूमी वगळून चालत नाही.

भरवसा चुकतो कुठे, तर बहुधा नवसात. नवस बोलताना आकडा मोठा निघतो, फेडताना कर्ज काढावे लागते. गावजेवणासाठी महिना शेकडा पाचने २०,००० काढले तर महिन्याला १,००० व्याज, वर्षाचे १२,०००, आणि मुद्दल तसेच. दुसरी चूक आजारपणातली. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात औषध सहा महिने घ्यायचे असते, पण खोकला काही आठवड्यांत उतरतो. अंगारा लागू पडला समजून गोळ्या बंद केल्या की रोग उलटतो आणि पुढे त्याच औषधांना दाद देईनासा होतो. अंगारा लावावा, गोळीही चालू ठेवावी.

चालते ते मुठीचे धान्य. रोज स्वयंपाकाआधी एक मूठ देवाच्या नावाने बाजूला काढायची. मूठ ४० ग्रॅमची धरली तर १०० घरांचे महिन्याला १२० किलो होते. माणशी एका जेवणाला १२० ग्रॅम कोरडे धान्य धरले तर हजार ताटे. ज्वारी, तांदूळ, डाळ एकाच कोठीत ओतले की पंचाईत: डाळ शिजायला वेळ निराळा, आणि एकाला सोंडे लागले की सगळ्याला. वेगवेगळ्या डब्यांत, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, जुने आधी वापरावे. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे.

देवळांच्या कायद्याचे मराठी नाव ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’. कायदा १९५० चा. त्याखाली नोंदणी, दरसालचा हिशेब आणि लेखापरीक्षण आले. पेटीतले पैसे मोजताना दोन विश्वस्त समोर हवेत, नोटा-नाणी वेगळी लिहून खाली सह्या हव्यात. देणगी देणाऱ्याने पावती मागितली तर पुजाऱ्याने तोंड वाकडे करू नये. मंगळवेढ्यापासूनची ती रीत आहे.