युक्तिवादाची मांडणी : शालेय अध्यापन (सातारा–सांगली)

युक्तिवादाची मांडणी शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला आपले मत नेमक्या शब्दांत सांगायला, त्यामागचे कारण द्यायला, कारणाला पुरावा जोडायला आणि समोरच्याच्या आक्षेपाला उत्तर द्यायला शिकवणे. शालेय मराठीत हे काम वैचारिक लेखन, विनंतीपत्र आणि मागणीपत्र यांतून होते. वर्गाबाहेर वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांतून. भूगोल, इतिहास, विज्ञान या विषयांना त्याची तितकीच गरज असते, पण तिथे त्यासाठी वेगळा तास क्वचितच मिळतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शिक्षकाला या विषयाचे दाखले शोधायला लांब जावे लागत नाही. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कराडजवळच्या टेंभूत जन्मले. (आज हे नाव बहुतेक मुलांनी उपसा सिंचन योजनेमुळेच ऐकलेले असते, ते आगरकरांचे गाव आहे, हेही त्यांना सांगायला हवे.) १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. संमतिवयाच्या (शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाच्या) विधेयकावरून ते आणि त्यांचे जुने सहकारी लोकमान्य टिळक उघडपणे परस्परविरुद्ध उभे राहिले. १८९१ च्या या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. वर्गात हा वाद घेण्याजोगा आहे, कारण तो ‘बालविवाह चांगला की वाईट’ इतका सरळ नव्हता. सामाजिक सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने व्हावी का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. वाद नेमका कशावर आहे, हे आधी ठरवल्याशिवाय कोणतीही बाजू मांडता येत नाही. मुलांना हे पटवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा वारसा वाईचा. प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, घडले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम वाईतूनच चालले. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, अनुमान पाच अवयवांत मांडतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरचा धूरही तसाच आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. आठवी-नववीच्या मुलांना हा साचा एका तासात समजतो. शालेय निबंधात प्रतिज्ञा, हेतू आणि निगमन हमखास असतात. गळतात ते मधले दोन अवयव. पुरावा दिला, पण तो इथे का लागू पडतो हे सांगितलेच नाही, अशी ती गत. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या आराखड्यातही दावा आणि आधार यांना जोडणाऱ्या दुव्याला स्वतंत्र स्थान आहे. दोन्ही परंपरा इतक्या वेगळ्या असूनही एकाच जागी बोट ठेवतात, म्हणून अध्यापनाचा सर्वाधिक वेळ या दुव्यावर खर्च व्हावा.

न्यायपरंपरेने चर्चेचेही प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. आपल्याकडच्या बऱ्याच शालेय स्पर्धा जल्पाकडे झुकतात. भाषण घरी कोणीतरी लिहून द्यायचे, मुलाने पाठ करायचे, सुरुवातीला चारोळी, मध्ये थोर पुरुषांची दोन-चार नावे आणि शेवटी टाळ्यांचे वाक्य. यातून सभाधीटपणा येतो, उच्चार सुधारतात, त्याचे मोल आहेच. पण भाषण झाल्यावर परीक्षकांनी ‘हे कशावरून म्हणतोस?’ असे विचारले, तर मुलगा गप्प होतो. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हाच प्रश्न विचारायला शिकवले, तिथल्या मुलाला तो अनोळखी वाटू नये.

साचा प्रत्यक्षात कसा चालतो, हे सांगलीतल्या कोणत्याही वर्गात पुराच्या विषयावर दाखवता येते. मुलांचा पहिला मसुदा साधारण असा असतो : ‘आलमट्टी धरणामुळे सांगलीला पूर येतो. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. म्हणून आलमट्टीची उंची वाढवू नये.’ आकडा खरा आहे; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पण या आकड्याने पूर मोठा होता एवढेच सिद्ध होते, तो आलमट्टीमुळे आला हे नाही. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या या धरणाच्या फुगवट्याने (मागे साचत येणाऱ्या पाण्याने) पाणी अडले असे म्हणायचे, तर आलमट्टी, हिप्परगी, राजापूर बंधारा, अंकली आणि आयर्विन इथल्या पाणीपातळ्या तारीखवार शेजारी शेजारी मांडाव्या लागतील. कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेतून त्या दिवसांत किती विसर्ग होता, हरिपूरला मिळणारी वारणा किती वाहत होती, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेचे पाणी किती आले, पूररेषेच्या आत बांधकामे किती झाली, हेही तपासावे लागेल. हे सगळे फळ्यावर आले की मुले आपला दावा स्वतःहून बदलतात. दुसऱ्या मसुद्यात ‘उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याआधी फुगवट्याचा अभ्यास दोन्ही राज्यांनी जाहीर करावा’ अशी मागणी येते. हा दावा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण मुलाला तो पेलता येतो. दावा आवाक्यात आणणे हे या अध्यापनातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी काम आहे, आणि ते शिक्षकाने स्वतः न करता मुलांकडून करून घ्यावे लागते.

प्रतिपक्षही याच विषयात शिकवता येतो. विजापूर-बागलकोटकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या वाढीव उंचीतून पाणी मिळायचे आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये उंचीवाढीला मान्यता दिली, हे त्याच्या बाजूचे मोठे बळ. जतच्या सीमेवरची काही गावे तर स्वतःच कर्नाटकाकडून पाणी मागत आली आहेत, त्यामुळे जतचा मुलगा आणि सांगलीवाडीचा मुलगा एकाच बाकावर असले तर पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, बाहेरून आणावा लागत नाही. समोरच्याचे म्हणणे आधी अशा शब्दांत मांडावे, की तो स्वतः म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचे होते’, खंडन त्यानंतर. दुबळा करून मांडलेला आक्षेप खोडण्यात काही शिकणे नाही.

पुराव्याच्या दर्जाबद्दल थोडक्यात. ‘व्हॉट्सॲपवर आले होते’ हा पुरावा नव्हे. आजोबांनी १९६७ चा कोयना भूकंप पाहिला असेल, तर त्यांची आठवण साक्ष म्हणून चालते. त्याची कारणे सांगण्यासाठी मात्र भूगर्भशास्त्राकडेच जावे लागते. थोर माणसाचे वचन मताला वजन देते, पण वस्तुस्थिती सिद्ध करत नाही.

गुणदानात उच्चार, हावभाव आणि वेळ यांसोबत पुराव्यासाठी आणि उलटप्रश्नाच्या उत्तरासाठी वेगळे गुण ठेवले, तर मुलांच्या तयारीची दिशा लगेच बदलते. विषयही बदलावेत. ‘विज्ञान : शाप की वरदान’ यावर मुलाला तपासता येईल असे फारसे काही नसते.

पत्रलेखनात हीच मांडणी छोट्या आकारात येते. माण-खटावकडच्या एखाद्या गावातली मुले एसटीच्या वेळेसाठी आगार व्यवस्थापकांना पत्र लिहितात. ‘आमची फार गैरसोय होते’ या वाक्याने काही हलत नाही. शाळा पाच वाजता सुटते, गाडी साडेसहाला येते, पासधारक विद्यार्थ्यांची यादी सोबत जोडली आहे, हे लिहिले की पत्राला आधार मिळतो. मग आगाराकडून येणारा संभाव्य आक्षेप मुलांनीच हेरायचा : ‘वेळ बदलली तर पुढच्या गावचे प्रवासी तुटतील.’ त्यासाठी पुढच्या गावच्या शाळेची सुटण्याची वेळ विचारून घ्यायची, आणि ती जुळत असेल तर दोन्ही शाळांच्या सह्यांनी एकच पत्र द्यायचे.